अंडं टिचलं, पण पिल्लू बाहेर येईना: हात कधी लावायचा आणि कसा

कोंबडीची अंडी उबवायला ठेवल्यापासून एकविसाव्या दिवशी पहाटे अंड्यातून बारीक चिवचिव ऐकू येते. टॉर्च लावून बघावं तर जाड टोकाकडे टरफलाचा लहानसा टवका उडालेला असतो आणि आत चोचीचं टोक हलताना दिसतं. दुपार होते, संध्याकाळ होते, टवका तेवढाच. घरातली पोरं सारखी उबवणीच्या डब्याचं झाकण उघडायला बघतात आणि मोठी माणसं म्हणतात, "अडकलंय बिचारं, काढा की बाहेर." माझ्या पहिल्या खेपेला मी हेच ऐकलं आणि टिचल्यापासून सहा तासांतच टरफल सोलायला घेतलं. पापुद्र्यातल्या शिरा तुटल्या, रक्त आलं आणि ते पिल्लू माझ्या तळहातावर गेलं. ते अडकलेलंच नव्हतं. त्याचं आतलं काम अजून संपायचं होतं.

त्यानंतर आमच्या खटाव तालुक्यातल्या घरी खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसलेल्या कोंबडीखाली आणि थर्माकोलच्या डब्यात मिळून बऱ्याच खेपा अंडी उबवली. काही पिल्लं मदत करून वाचवली, काहींना हात लावला नाही म्हणून ती वाचली. ज्याच्या घरी आज रात्री एखादं अंडं टिचून थांबलंय, त्याला उपयोगी पडावं म्हणून हे सगळं लिहितोय. तुमचं अंडं आत्ताच टिचलेलं असेल, तर हा लेख पूर्ण वाचून होईपर्यंत त्याला हात लावू नका.

आत काय चाललेलं असतं

अठराव्या-एकोणिसाव्या दिवसापर्यंत पिल्लू फुप्फुसाने श्वास घेत नसतं. टरफलाला आतून चिकटलेल्या पापुद्र्यात शिरांचं जाळं पसरलेलं असतं आणि टरफलाच्या छिद्रांमधून येणारी हवा त्या शिरांमधून त्याला मिळते. म्हणजे त्या शिरांतलं रक्त पिल्लाचंच रक्त. साधारण एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू आतला पापुद्रा फोडून जाड टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि पहिल्यांदा श्वास घेतं. आतली चिवचिव इथून सुरू होते. पोकळीतली हवा थोडी असते. कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, मानेमागचा खास स्नायू झटके देऊ लागतो आणि चोचीवरच्या टणक टोकाने टरफल टिचतं. आतला पापुद्रा फुटल्यापासून टरफल टिचेपर्यंत बारा ते चोवीस तास जाऊ शकतात.

मग ते थांबतं. आपल्याला वाटतं दमलं, अडकलं. पण याच वेळात पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त आत ओढलं जातं, शिरा सुकतात आणि राहिलेला बलक बेंबीवाटे पोटात जातो. या कामालाही बारा ते चोवीस तास लागतात. ते झालं की पिल्लू घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरत टरफलाला गोल चीर पाडतं, पायाने टोपी ढकलतं आणि बाहेर येतं. चीर पाडायला सुरुवात झाल्यावर गोष्टी भराभर होतात, बहुतेक पिल्लं तासा-दोन तासांत मोकळी होतात.

म्हणून पहिलं काम घड्याळाचं. अंडं कधी टिचलं ती वेळ पेन्सिलीने टरफलावरच लिहा. पुढचा प्रत्येक निर्णय त्या आकड्यावर होणार आहे, आणि रात्री दोन वाजता आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही.

आपल्याकडची हवा

सातारा-सांगलीत एकच सल्ला सगळीकडे चालत नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात एप्रिल-मेची हवा कोरडी ठणठणीत. अंड्यातलं पाणी भराभर उडतं, पापुद्रा कातड्यासारखा होऊन पिल्लाला आवळून बसतो. ते जोर करतं पण फिरू शकत नाही. उलट पाटण, जावळी, शिराळ्याच्या पश्चिम भागात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की अंड्यातलं पाणी पुरेसं उडतच नाही. हवेची पोकळी लहान राहते, पिल्लू सुजल्यासारखं मोठं होतं, त्याला आत जागा मिळत नाही, आणि चोच पोकळीत घालताना ते पाण्यात गुदमरूही शकतं. बाहेर आलंच तर अंगावर डिंकासारखा चिकट थर असतो.

या दोन अडचणी बाहेरून सारख्या दिसतात, कारण दोन्हींत पिल्लू बाहेर येत नाही. उपाय मात्र वेगवेगळे. कोरड्याला ओल लागते, चिकट पिल्लाला वेळ आणि पुसणं लागतं.

दोन्ही टाळायचं साधन म्हणजे वजनकाटा. पहिल्या अठरा दिवसांत अंड्याचं वजन अकरा-बारा टक्क्यांनी कमी व्हायला हवं. ४५ ग्रॅमचं गावरान अंडं अठराव्या दिवशी ४० ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. फारच हलकं झालं तर डब्यात पाण्याची वाटी वाढवा, जड राहिलं तर कमी करा. पहिले अठरा दिवस आर्द्रता ४५ ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के. पंखा असलेल्या इनक्युबेटरमध्ये तापमान ३७.५ अंश. पंखा नसेल तर अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर मोजून ३८.३ ते ३८.९ ठेवा, कारण अशा डब्यात वरची हवा गरम आणि खालची थंड राहते.

स्वस्तातला आर्द्रतामापक हमखास चुकतो. तपासायला चमचाभर मिठात थोडे थेंब पाणी घालून ओला गोळा करा, तो आणि मापक एका हवाबंद डब्यात आठ तास ठेवा. मापक ७५ टक्के दाखवायला हवा. ६८ दाखवला तर त्याच्या प्रत्येक आकड्यात सात मिळवायचे. तापमानासाठी घरातला ताप मोजायचा थर्मामीटर आत ठेवून मेळ घाला. आमच्या डब्याचा काटा दीड अंशाने खोटा निघाला होता, आणि तोपर्यंत मी पिल्लांना दोष देत होतो.

अठराव्या दिवसानंतर

अंडी फिरवणं बंद. पाणी वाढवायचं आणि झाकण मिटायचं. एक अंडं बघायला झाकण उघडलं की बाकीच्या टिचलेल्या अंड्यांचे पापुद्रे कोरडे पडतात. अनेकदा एकाला वाचवताना तीन आवळली जातात, म्हणून जे काही करायचं ते एकदाच उघडून करायचं. आत ओलसर कापड अंथरलेलं असेल तर दमटपणा लवकर परत येतो.

लाईट गेली तर घाबरू नका. डबा गोधडीने झाका, हवेची भोकं मोकळी ठेवा, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवा. तास-दोन तास अंडी तग धरतात.

टिचलेलं अंडं कधीही पाण्यात सोडू नका. आमची आज्जी विसाव्या दिवशी अंडी कोमट पाण्यात सोडून हलतात का बघायची, अंडं नाचलं की पिल्लू जिवंत. टिचण्याआधी ही परीक्षा चालून जायची, पण एखादा बारीक तडा नजरेतून सुटला की आत पाणी शिरून पिल्लू बुडतं. टॉर्चने तेच दिसत असताना ही जोखीम मी घेत नाही.

हात लावायची वेळ कशी ओळखायची

एकविसाव्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत टिचलं नाही तर खोली अंधारी करून मोबाईलचा टॉर्च जाड टोकाला टेकवा. पोकळीत चोचीची सावली हलत असेल तर पिल्लू आत श्वास घेतंय. त्या अवस्थेला चोवीस तास होऊनही टरफल टिचलं नाही, तर पोकळीच्या वरच्या भागात, चोच आहे त्याच्या जवळ, उकळलेली दाभण किंवा जाड सुई बोटांत फिरवत फिरवत दोन मिलिमीटरचं भोक पाडा. फक्त टरफलाला. सुई दाबायची नाही, नाहीतर थेट डोळ्यात जाते. हे भोक हवेपुरतं आहे. भोक पाडून अंडं परत ठेवा आणि पुन्हा वाट बघा.

सावली हलत नाही, आवाज नाही, पोकळीची कडा स्पष्ट आहे, तर पिल्लू उशिरा चाललेलं असू शकतं. डब्याचं तापमान थोडं कमी पडलं की दोन दिवसही उशीर होतो. तेविसाव्या दिवसापर्यंत थांबा. वास येणारं किंवा टरफलावर घाम आल्यासारखं द्रव पाझरणारं अंडं मात्र लगेच आणि अलगद बाहेर काढा. ते आत फुटलं तर सगळा घाण जिवाणू बाकीच्यांवर उडतो.

टिचल्यापासून चोवीस तास होऊन एक टवकाही वाढला नाही, तर तपासायचं. चीर अर्ध्यावर येऊन तीन-चार तास थांबली, तर तपासायचं. टिचलेल्या भोकात पापुद्रा चोचीवर चिकटून नाकपुड्या झाकल्या गेल्या असतील तर मात्र चोवीस तास बघत बसू नका, तेवढा तुकडा लगेच बाजूला करा.

निमुळत्या टोकाकडून टिचलं, तर पिल्लू उलटं बसलंय. तिकडे हवेची पोकळी नसते, त्यामुळे भोक हाच त्याचा श्वास. ते मोकळं ठेवा. अशी बरीच पिल्लं स्वतःच्या बळावर बाहेर येतात. पण शिरा सुकायला जास्त वेळ लागू शकतो, म्हणून इथे घाई केली तर रक्त हमखास येतं.

मदत कशी करायची

आधी तयारी. नखं कापून साबणाने हात धुवा. भुवयांचा चिमटा पाण्यात उकळून घ्या. कापूस लावलेल्या काड्या, उकळून कोमट केलेलं पाणी, स्वच्छ मऊ फडकं, बीटाडीन, आणि थोडं खोबरेल तेल. थंडीत ते गोठतं, वाटी गरम पाण्यात ठेवून पातळ करा. पंखा बंद, खिडकी बंद. मी चुलीच्या खोलीत बसतो, कारण तिथे ऊब असते. अंडं बाहेर असलेला वेळ पाच मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नका. काम उरलं तर परत डब्यात ठेवून नंतर करा.

टॉर्चने हवेच्या पोकळीची सीमा बघा आणि पेन्सिलीने गोल रेघ आखा. या रेघेच्या वरचं टरफल आपलं, खालचं पिल्लाचं. टिचलेल्या भोकापासून सुरू करून वरच्या भागातलं टरफल चिमट्याने बारीक बारीक टवके करत काढा. खालचा पांढरा पापुद्रा तसाच राहू द्या.

आता तो पापुद्रा नीट बघा. पांढरा आणि ओलसर असेल तर तो ठीक आहे. पिवळट, तपकिरी, कागदासारखा कडक असेल तर आवळलेला. काडी कोमट पाण्यात बुडवून, पिळून, पापुद्र्यावर हलके टेकवत जा. नाकपुड्यांपासून लांब राहा, एक थेंबही तिथे जाता कामा नये. ओला झाला की पापुद्रा काचेसारखा पारदर्शक होतो आणि खालचं सगळं दिसतं.

इथेच सगळं ठरतं. तांबड्या, भरलेल्या शिरा दिसल्या तर काम थांबवा. पापुद्र्यावर खोबरेलाचं बारीक बोट फिरवा म्हणजे तो पुन्हा वाळणार नाही. तेल टरफलाला लावायचं नाही, त्याची छिद्रं बुजतात. अंडं परत डब्यात ठेवा आणि चार-पाच तासांनी पुन्हा ओलं करून बघा. मी एकदा एका कडकनाथच्या अंड्यासाठी असं चार वेळा केलं. चौथ्या वेळी शिरा दोऱ्यासारख्या पांढुरक्या झाल्या होत्या.

चुकून रक्त आलंच तर कोरड्या स्वच्छ कापसाने हलका दाब देऊन धरा. थांबलं की त्या दिवसापुरतं काम बंद. एखाद्या थेंबाने पिल्लू जात नाही, त्यानंतरही सोलत राहिल्याने जातं.

शिरा नसतील तर पापुद्रा चोचीपासून मागे गुंडाळत न्या. फाडू नका. चोच, चेहरा, मग डोक्याचा वरचा भाग मोकळा करा. डोकं बहुतेक पंखाखाली असतं, ते अलगद मोकळं झालं की मान सरळ होते. या वेळी पिल्लाचं तोंड बघा. चावल्यासारखं किंवा जांभई दिल्यासारखं सारखं उघडझाप करत असेल तर बलक आत ओढणं अजून चालू असू शकतं. असं असेल तर खालच्या टरफलाला अजिबात हात लावू नका.

वरची टोपी निघाली की आपलं काम संपलं. खालच्या अर्ध्या टरफलात पिल्लाला बसू द्या, स्टीलच्या वाटीत ओलसर फडकं घालून त्यात अंडं टेकवा आणि डब्यात परत ठेवा. शेवटचा जोर त्याचा त्यालाच लावू द्या. त्या लाथा मारण्याने पायात बळ येतं, आणि बेंबी अजून टरफलाला जोडलेली असेल तर ती आपोआप सुटते. ओढून काढलेल्या पिल्लाची बेंबी उघडी राहून आत जंतू जातात, आणि दोन-तीन दिवसांत पोट फुगून ते दगावतं. ही चूक मी दोनदा केली आहे.

आपण काही करायच्या आधीच पिल्लू बाहेर पडलं आणि पोटाखाली पिवळी पिशवी लोंबते, असंही होतं. ती कापायची नाही, दाबायची नाही, दोऱ्याने बांधायची नाही. ओलसर स्वच्छ फडकं घातलेल्या लहान वाटीत पिल्लाला बसवा म्हणजे ते पाय झाडणार नाही, कडेला बीटाडीन टिपा, आणि डब्यात ठेवा. पिशवी लहान असेल तर कित्येकदा काही तासांत आत जाते. मोठी असेल किंवा फुटली असेल तर फार आशा धरू नका.

सांगलीच्या हळदीचं नाव सगळीकडे आहे आणि आपल्याकडे प्रत्येक जखमेवर हळद लावायची सवय आहे. पण ओल्या बेंबीवर दळलेली पूड टाकू नका, तिच्यात धूळ आणि जंतू दोन्ही असतात. बीटाडीनचा एक थेंब पुरे.

चिकट पिल्लू

पावसाळ्यातलं चिकट पिल्लू बाहेर आलं की पिसं वाळून काट्यांसारखी होतात आणि टरफलाचे तुकडे अंगाला चिकटून राहतात. पहिल्या दिवशी काहीच करू नका. दुसऱ्या दिवशी, बेंबी सुकल्यावर, कोमट पाण्याने भिजवलेल्या फडक्याने थोडं थोडं पुसून मऊ करा. एक वेळी एकच बाजू, आणि लगेच उबेला. सुकलेला तुकडा ओढला की कातडी निघते.

बाहेर आल्यावर

फूल होईपर्यंत, म्हणजे पिसं सुकून गोळा होईपर्यंत, पिल्लू डब्यातच. पोटात बलक असल्यामुळे अठ्ठेचाळीस तास दाणापाणी नसलं तरी चालतं, म्हणून काळजीने तोंडात पाणी ओतू नका. नंतर बल्बखाली ३५ अंश उबेत हलवा आणि दर आठवड्याला तीन अंश कमी करत जा. पहिल्या पाण्यात किंचित गूळ विरघळवा आणि चोच एकदा बुडवून दाखवा. मग मक्याचा बारीक भरडा किंवा चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य.

खाली वर्तमानपत्र अंथरू नका. गुळगुळीत कागदावर पाय घसरून दोन्ही बाजूंना फाकतात आणि तसेच राहतात. गोणपाटाचा तुकडा सगळ्यात चांगला. पाय फाकलेच असतील तर पहिल्या दोन दिवसांत चिकटपट्टी असलेल्या बँडेजची अरुंद पट्टी घेऊन दोन्ही पायांमध्ये नेहमीइतकं अंतर ठेवून बांधा, गादीचा भाग मध्ये येईल असा. पिल्लू उभं राहू शकलं पाहिजे. दोन ते चार दिवसांत बहुतेक सुधारतात. आठवडा उलटला की हाडं घट्ट होतात आणि मग उपयोग होत नाही. बोटं मुठीसारखी वळली असतील तर कागदी पट्टीवर ती पसरवून वरून चिकटवा, आणि अनेक पिल्लांत तसं दिसलं तर कोंबड्यांच्या खाद्यात रिबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) कमी पडतंय हे समजा. गुदद्वारावर विष्ठा वाळून चिकटली तर कोमट पाण्याने भिजवून काढा, नाहीतर ते बंद होऊन पिल्लू मरतं.

मान वळून पाठीवर पडत असेल, किंवा एकाच खेपेला अनेक पिल्लं बेंबी सुजून जात असतील, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. मेलेलं ताजं पिल्लू आणि न फुटलेली अंडीही सोबत ठेवा, त्यावरून कारण सापडतं. साताऱ्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ते जवळ पडत असेल तर तिथे विचारा. आणि पोरांनी पिल्लांना हात लावला की साबणाने हात धुवायला लावा, दर वेळी.

जुने कोंबडीवाले म्हणतात की स्वतः न फुटलेलं पिल्लू जगवू नये, पुढची पिढी कमजोर होते. मला हे अर्धंच पटतं. डब्याची हवा कोरडी पडली ही चूक माझी, पिल्लाची नव्हे, त्याची शिक्षा त्याला का? मी मदत करतो. पण मदतीने निघालेल्या पिल्लाच्या पायाला रंगीत दोरा बांधतो आणि मोठं झाल्यावर त्याची अंडी उबवायला ठेवत नाही.

खुडूक कोंबडीखाली असेल तर

कोंबडीची ऊब आणि ओल डब्यापेक्षा सरस असते, म्हणून तिच्याखालच्या टिचलेल्या अंड्यात ढवळाढवळ करू नका. अडचण वेगळीच येते. आठ पिल्लं निघाली की एक-दोन दिवसांत ती त्यांना घेऊन उठते आणि मागची टिचलेली अंडी पाटीत थंड पडतात. ती आवाज करत असतील तर कापडात गुंडाळून लगेच उबेला आणा, डबा नसेल तर थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, ओला स्पंज आणि थर्मामीटर एवढ्यावरही भागतं. मग वरचे सगळे नियम तसेच.

निघालेलं पिल्लू पूर्ण सुकून पायावर उभं राहायला लागलं की रात्री, अंधारात, तिच्या पंखाखाली सरकवा. तिची पिल्लं त्याच वयाची असावीत, दोन दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. टॉर्च लावू नका, पाटी हलवू नका. तांबडं फुटायच्या आत एकदा जाऊन बघा. घेतलं असेल तर पिसांतून फक्त डोकं बाहेर दिसतं. टोचत असेल तर तसंच उचलून पुन्हा बल्बखाली आणा, सोबतीला तिचंच एखादं पिल्लू ठेवा.